चोरीचा पुदिना

नाटकघराचा जिना जिथे संपतो आणि छत डोक्याला टेकायला येतं, तिथे टोपांची खोली होती. खोलीत बाई एक, पण डोकी भिंतभर. लाकडी डोकी. कुणावर राजाचे खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस, कुणावर सासूचा करडा अंबाडा, कुणी नुसताच गोटा होऊन आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं. नवा माणूस दार उघडायचा आणि दचकून पाऊलभर मागे सरकायचा. मग त्या गर्दीतून आवाज यायचा, "या, या. यांच्यातली बोलणारी मी एकटीच."

ती आत्या. खरं म्हणजे ती एकाच मुलीची आत्या होती, पण पडदा ओढणाऱ्यापासून नायकापर्यंत सगळं नाटकघर तिला आत्याच म्हणायचं. अंगाने सुतळीसारखी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि केस ओढायचा बारीक आकडा स्वतःच्याच अंबाड्यात खोचलेला. तो अंबाडा म्हणजे सुपारीएवढा. दुसऱ्यांच्या डोक्यावर रान उगवून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या डोक्यावर कायमचा दुष्काळ. त्यावरचे सगळे विनोद तिने स्वतःच करून टाकले होते, त्यामुळे इतरांना करायला काही उरलंच नव्हतं.

काम तिचं डोळ्यांचं आणि धीराचं. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची, आकड्याने केस जाळीतून ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा केस. मागच्या बाजूला दोन-तीन केसांची मिळून एक गाठ चालून जाते. कपाळाजवळ मात्र एका केसाला एक गाठ, तीही जराशी तिरकी. नाहीतर पहिल्या रांगेतल्या माणसाला कपाळावर काळी रेघ दिसते आणि राजाचा रंगवलेला नारळ होतो. एक टोप व्हायला दीड-दोन महिने लागायचे. आत्या त्या महिन्यांत त्या डोक्याशी बोलायची, त्याला रागे भरायची, आणि टोप खाली रंगपटात गेला की लेक सासरी गेल्यासारखी दिवसभर गप्प असायची.

खिडकीत तोटी तुटलेली एक चहाची किटली होती आणि तिच्यात पुदिना.

त्या पुदिन्याचं मूळ काम अगदी साधं होतं. टोप घामाने भिजतो, आणि भिजलेला टोप दुसऱ्या दिवशी काय वास मारतो ते तो घालणाऱ्यालाच ठाऊक. आत्या पुदिन्याचं पाणी उकळायची, त्यात थोडं व्हिनेगर टाकायची आणि टोपांची आतली बाजू फडक्याने पुसून घ्यायची. बस, एवढंच. पण ज्याने वास जातो त्याने भीतीही जात असणार, असं कुणातरी नटाच्या मनाने कधीतरी घेतलं आणि त्या बिचाऱ्या रोपट्याच्या मागे नाही नाही ती कामं लागली. पान टोपाच्या आत उजव्या कानावर ठेवलं, की पाठ केलेली वाक्यं बाहेर सांडत नाहीत. पाय लटपटत असतील तर देठ बुटात घालायचा. बरोबर काम करणाऱ्या नटाचा राग आला असेल तर प्रवेशाआधी मनगटावर पान चोळायचं, म्हणजे खोटा मारायचा फटका खरा लागत नाही. पहिल्या प्रयोगाला विंगेच्या तोंडाशी पुदिन्याचं पाणी शिंपडलं, की खोकणारे प्रेक्षक त्या दिवशी घरीच राहतात. उशीखाली डहाळी ठेवली, की आपल्याला पुढे मिळणारी भूमिका स्वप्नात दिसते. एका नटीला दर वेळी मोलकरीणच दिसायची. तिने पुदिन्याशी बोलणंच सोडलं होतं.

विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणत. ते आत्याला ऐकवायचे, की तुमच्या या पाल्यामुळे माझ्या पोटावर पाय येतो आहे. आणि स्वतः मात्र रोज दोन पानं घसा मोकळा राहावा म्हणून दाढेखाली धरायचे.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. हा पुदिना मागून मिळत नसे. तो चोरावा लागायचा.

ही रीत आत्याच्या मास्तरांची. मास्तर म्हणजे तिच्या आधी त्या खोलीत बसणारे म्हातारे टोपवाले. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की दिलेला पुदिना मूळ धरत नाही, मागितलेला गुण देत नाही, आणि घेऊन वर आभार मानले तर तो रुसून मरतो. एवढं सांगून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते आणि बाहेरच्या कबुतरांकडे बघत गुणगुणत होते. आत्या तेव्हा अठरा-वीस वर्षांची पोर. तिला वाटलं, मास्तरांना आज काय झालं. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि कोपऱ्यातल्या कुंडीतली एक डहाळी तिने पदराआड लपवली. मास्तर वळले ते काही न घडल्यासारखे. ती डहाळी म्हणजे आजची किटली.

तेव्हापासून त्या खोलीत रोज हे नाटक व्हायचं. कुणी तरी वर यायचं, उकाड्याबद्दल बोलायचं, घरच्यांची चौकशी करायचं, खुर्चीत चुळबुळ करायचं. आत्या ओळखायची. ती उठून खिडकीशी जायची आणि पाठ करून कबुतरं बघत गुणगुणायला लागायची. मागे पानांची खुडखुड. मग जिन्यावरून उतरणारी पावलं. ती वळायची, किटलीकडे बघायची आणि लाकडी डोक्यांना म्हणायची, "बघितलंत ना, चोर कोण ते? तोंड उघडू नका."

राजे तर यात पटाईत. राजे म्हणजे नाटकघराचे मुख्य नट. आयुष्यभर राजांच्या भूमिका केल्यामुळे घरीही त्यांना पाणी हातात लागायचं. भरदार आवाज, भरदार पोट, आणि प्रत्येक प्रयोगाआधी सशासारखं काळीज. आत्या कामात बुडालेली असली की ते घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आत्या, आज खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नाही वाटतं?"

असं सगळं मजेत चाललं होतं, पण आत्याचे डोळे थकले. एका केसाचे दोन दिसायला लागले. दोहोंपैकी खरा कुठला ते बोटांनी चाचपून ठरवावं लागायचं. हंगाम संपला की थांबायचं, असं तिने ठरवलं आणि आपल्या जागी भाचीला बोलावून घेतलं. तिच्या भावाची मुलगी. रफूच्या दुकानात काम करून करून तिची बोटं अशी तयार झालेली, की तिने भरलेलं भोक तिलाही दुसऱ्या दिवशी सापडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने कपाळाच्या गाठी मारल्या. त्या बघून आत्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि ती म्हणाली, "बाई, तू मला लवकर घरी पाठवणार."

भाचीत खोट एकच. ती भयंकर प्रामाणिक होती. रस्त्यात छत्री सापडली तर मालक सापडेपर्यंत ती जेवायची नाही. कुणी कशी आहेस विचारलं, तर कशी आहे ते खरंच सांगायची. राजांनी तिचं नाव सरळरेघ ठेवलं आणि ते चिकटलं.

तर ही सरळरेघ राजांच्या टोपात पान ठेवायला निघाली. आत्याने नेहमीसारखी पाठ केली. गुणगुणायला लागली. मागे खुडखुड होईना. बऱ्याच वेळाने आवाज आला, "आत्या, एक पान घेऊ का?"

खुर्चीत बसलेल्या राजांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आत्या वळली नाही, बोलली नाही, तिने नुसता गुणगुणण्याचा आवाज वाढवला. भाचीला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती जवळ गेली, पुन्हा मोठ्याने विचारलं, मग पान तोडलं, आणि व्यवस्थित म्हणाली, "आभारी आहे हं."

त्या दिवशी दुसऱ्या अंकात राजांनी हात वर केला, छाती फुगवली आणि ते आपल्या राज्याचं नाव विसरले. कुजबुजकाकांनी विंगेतून नाव सांगितलं. मग जरा जोराने सांगितलं. मग इतक्या जोराने, की ते पाचव्या रांगेत ऐकू गेलं. राजांच्या कानात मात्र काही शिरेना. शेवटी ते म्हणाले, "आमच्या ह्या... गावात." साम्राज्याचं गाव झालं. प्रेक्षक हसले आणि हसतच राहिले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून भाचीच्या हातचा टोप डोक्यावर चढवायला कुणी तयार होईना. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, नाटकवाले तसे प्रेमळ. पण जो तो टोप आत्याकडे घेऊन यायचा आणि तुम्हीच चढवून द्या म्हणायचा. राजे म्हणाले, की पोरीवर माझा राग नाही, पण माझ्या डोक्याचा तिच्यावर विश्वास नाही. व्यवस्थापक हिशेबी माणूस. त्याने आत्याला बोलावून सांगितलं, की नव्या हंगामाचं पहिलं नाटक भाचीला देतो, सगळे टोप तिचे. नटांनी घातले तर ती राहील. नाही घातले, तर टोप बाहेरून भाड्याने आणू आणि वरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवू.

मोडक्या खुर्च्या. मास्तर, मग आपण, मग भाची, असं आत्याने मनात जोडून ठेवलेलं होतं, आणि आता तिथे खुर्च्या. ते टाळायचं तर नटांना खोलीत पुदिना हवा होता, आणि तोही रीतीने आलेला.

तिने भाचीला समजावून बघितलं. भाचीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण आत्या, किटली तुझी, मी तुझी. तू ती मलाच देणार. मग चोरायचं कशाला?"

"मी देत नाहीये."

"बरं, मग मी नाही घेत."

चोरून घे म्हणून सांगितलं, तर तीही एक परवानगीच झाली. कुजबुजकाकांनी भाचीला चोरी शिकवायचा प्रयत्न केला. स्वतःच्या खिशात रुमाल ठेवून ते पाठमोरे उभे राहिले. भाचीने रुमाल हळूच काढला आणि घडी घालून त्यांच्या हातात दिला.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. आत्याने आकडे, कात्र्या, जाळ्या सगळं भाचीच्या हवाली केलं. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. कबुतरं बघितली. गुणगुणून झालं, तेच पुन्हा गुणगुणून झालं. एवढ्या वेळात चोराने मागची भिंतसुद्धा उचलून नेली असती. मागे भाची कागद चुरगाळत होती, काहीतरी बांधत होती. आत्याचा जीव वर-खाली. अखेर पायांना रग लागली तेव्हा ती वळली. भाची दारात उभी, हातात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली किटली, पानांना लागू नये म्हणून वर कागदाची टोपी.

"तुझी किटली राहत होती, आत्या. मीच खाली गाडीत नेऊन ठेवते."

आणि तिने खरंच नेऊन ठेवली. वर ड्रायव्हरला बजावलं, की खड्डे बघून चालवा.

आत्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक खिडकी. तिने किटली खिडकीत ठेवली. सकाळी चहात दोन पानं टाकायची, ती स्वतःच्याच घरात, उघड उघड, आणि तो चहा तिला फिका लागायचा. नाटकघराकडे तिची पावलं वळेनात. काम सुटलेल्या माणसाने उगाच जिने चढू नयेत, लोकांना खुर्ची पुढे करावी लागते, असं तिचं म्हणणं. कुजबुजकाका अधूनमधून येऊन बातम्या देऊन जायचे. भाचीचे टोप झालेत, सुरेख झालेत, पण राजे अजून मानेला झटका देताहेत. रंगीत तालीम शुक्रवारी.

बुधवारी सकाळी दाराची कडी वाजली. दारात भाची. अंगावर शाल, आणि हवा तर अशी गरम.

आत्याने चहा टाकला. भाची खुर्चीच्या कडेवर बसली. तिने चहा पिता पिता उकाड्याबद्दल सांगितलं. मग शेजाऱ्यांची चौकशी केली, ज्यांना ती ओळखतही नव्हती. मग पुन्हा उकाड्याबद्दल सांगितलं. आत्या तिच्या हातांकडे बघत होती. एका केसाची तिरकी गाठ न चुकता मारणारी बोटं कपाच्या कानात थरथरत होती. टोप कसे झालेत हे आत्याने विचारलं नाही. ती विचारती, तर भाचीने खरं ते सांगितलं असतं, की मला भीती वाटते आहे. आणि ते तोंडाने सांगायला लागू नये म्हणूनच तर इतकी माणसं इतकी वर्षं तो जिना चढून येत होती. राजेसुद्धा. मास्तरांनी रीत का घातली असेल हे आत्याला या वयात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, एका कपाच्या थरथरीवरून कळलं.

ती उठली. "कबुतरं फार झालीत बाई आजकाल," म्हणाली आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिथे कबूतर एकही नव्हतं.

ती गुणगुणायला लागली. मागे खुर्ची सरकली. पावलं वाजली. कशाला तरी धडक बसली, कप घरंगळला, "अगं आई गं" असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. चोर इतका आवाज करतो का? आत्याने ओठ घट्ट दाबले, तरी खांदे हलायला लागले, म्हणून तिने गाणं वरच्या पट्टीत घेतलं. माती सांडल्याचा आवाज आला. मग तिच्या अंगाला चाटून, शालीत भलं मोठं पोट आलेली एक बाई दारातून बाहेर पडली, येते म्हणाली नाही, मागे वळून बघितलं नाही, आणि रस्त्यावरून धावत सुटली.

आत्या आत आली. खिडकी रिकामी. डहाळी चोरायची तर पोरीने अख्खी किटलीच लांबवली होती. जन्मात एकदा चोरी केली, ती घाऊक. खिडकीपासून दारापर्यंत मातीची रेघ पडली होती. ती रेघ मात्र सरळ नव्हती. आत्या खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

शनिवारी कुजबुजकाका धापा टाकत आले आणि पाण्याचा पेलाही न घेता सांगायला लागले. शुक्रवारी दुपारी सगळी मंडळी वर गेली, तर खिडकीत किटली. राजांनी विचारलं, ही कुठून आली? भाचीचे कान लाल झाले. आता खोटं तिला बोलता येईना आणि खरं सांगितलं तर रीत मोडते. ती म्हणाली, "ते मी सांगणार नाही," आणि पाठ करून खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

"मग?" आत्याने विचारलं.

"मग काय, राजांनी सगळ्यांच्या आधी हात मारला. दोन डहाळ्या. आणि स्वतः टोप उचलून तिच्यासमोर मान खाली घालून बसले. त्या माणसाला मी मान खाली घालताना पहिल्यांदा बघितलं."

पहिल्या प्रयोगात राजांनी आपल्या राज्याचं नाव गरज नव्हती तिथेही घेतलं. खुर्च्या दुसरीकडे ठेवायचं ठरलं.

आता घरी आत्याचा चहा बिनपुदिन्याचा. बाजारात पुदिन्याच्या जुड्या मिळतात, पण तो पुदिना तिच्या लेखी गवत. प्रयोगानंतरही दोन दिवस तिने तसाच चहा घेतला. तिसऱ्या दिवशी ती स्वतःशीच म्हणाली, की काम नसलेल्या माणसाने जिने चढू नयेत हे खरं, पण आपल्याला तर काम आहे. तिने साडी बदलली, रुमाल कमरेला खोचला आणि निघाली.

जिना मधल्या काळात वाढल्यासारखा वाटला. वर दार उघडंच होतं. लाकडी डोकी आपापल्या जागी, खिडकीत किटली, आणि भाचीच्या अंबाड्यात खोचलेला आकडा. भाचीने खुर्ची पुढे केली नाही. नुसती हसली आणि हातातली गाठ पुरी करायला लागली.

"उकडतंय नाही फार," आत्या म्हणाली.

"हो ना."

"घरी बरे आहेत ना सगळे?"

"आत्या, माझ्या घरचे ते तुझ्याच घरचे की गं," भाची म्हणाली, आणि मग तिचा हात थांबला. तिने जाळी खाली ठेवली, उठली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि गुणगुणायला लागली. गळा पार बेसूर. कबुतरं उडून गेली.

आत्याने डहाळी खुडली आणि रुमालात घातली. लाकडी डोक्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ती दाराबाहेर पडली, एकेक पायरी उतरायला लागली, आणि वरून तो बेसूर आवाज येतच राहिला. पोर कामात चोख. चोर पुरता रस्त्याला लागेपर्यंत वळायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलेलं दिसत होतं.